सात नंबर माझाच

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठं काम होतं तेव्हा त्या खोलीत नेमकं काय घडलं, हे नंतर कोणालाच धड सांगता येत नाही. माझ्या बाबतीत तसं व्हायला नको.

परिस्थिती अशी. डेंटल कॉलेज, तिसरा मजला, पेशी वाढवण्याची खोली. खोलीचा प्रमुख मी. (कागदोपत्री वरिष्ठ तंत्रज्ञ. पण आत दुसरं कोणी नसतंच, म्हणजे प्रमुखच.) दाताच्या मुळाभोवती एक पातळ अस्तर असतं. ते दाताला हाडाशी धरून ठेवतं. हिरड्या बिघडल्या की अस्तरही जातं, हाडही जातं आणि दात हलायला लागतो. आम्ही पेशंटची बिनकामाची अक्कलदाढ काढतो, तिच्या मुळावरच्या पेशी खरवडून घेतो, वाढवतो, त्यांचा पापुद्रा करतो आणि मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, ऑपरेशन करून तो हलणाऱ्या दाताभोवती बसवतात. ज्याच्या पेशी त्यालाच. दुसऱ्याच्या चालत नाहीत.

माझी खालची डावी दाढ हलते. म्हणून पेशंट म्हणून मीच अर्ज केला. कॉलेजच्या समितीने तीन महिने डोकं खाल्लं आणि मग एका अटीवर परवानगी दिली: आपला नमुना कुठला, हे मला कळता कामा नये. गेल्या गुरुवारी दोन अक्कलदाढा आल्या. एक माझी, एक निवृत्त मुख्याध्यापिकेची, वय अडुसष्ट. मॅडमनी त्यांना सात आणि आठ नंबर दिले, कोणाचा कुठला ते एका कागदावर लिहिलं आणि पाकीट चिकटवून कपाटात ठेवून दिलं.

संकल्प: सिगरेट बंद. फटींमधून रोज बारीक ब्रश. दाढ बोटाने हलवून बघायची नाही.

बायको म्हणाली, अक्कलदाढ गेली ते बरंच झालं, नाहीतरी वापरात नव्हती.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
सिगरेट: एक. जेवणानंतरची होती, ती धरत नाहीत. दाढ हलवून पाहिली. कालच्याइतकीच हलते, म्हणजे प्रकृती स्थिर.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
सातमधून पेशी बाहेर आल्या! मायक्रोस्कोपखाली लांबट, टोकदार, सगळ्या एका दिशेने निघालेल्या. जोर बघण्यासारखा. आठमध्ये शुकशुकाट.

पाकीट न उघडताच कळलं. आमच्या घराण्यात सगळे काटक. सात नंबर माझा.

आठबद्दल वाईट वाटतं. पण वय झालं की पेशी तरी काय करणार.

रविवार, ९ फेब्रुवारी
पेशींना एक दिवसाआड जेवण लागतं. जुनं गुलाबी पाणी काढायचं, नवं घालायचं. त्यांना रविवार कळत नाही. आत जायला टोपी, मास्क, गाऊन, बूट, हातमोज्यांच्या दोन जोड्या. बारा मिनिटं लागतात. आत खिडकी नाही. पंख्याची घरघर अखंड. नाकाला खाज सुटली तर सुटलीच, हात लावायचा नाही. दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या जागेत उभं राहिलं की आपण पोस्टात टाकलेलं पत्र आहोत असं वाटतं.

बायकोला बहिणीकडे चार दिवस जायचंय. दोघांनी. तीन वर्षं म्हणतेय. मी म्हटलं, जेवण कोण घालणार? ती म्हणाली, कोणाला? मी म्हटलं, सातला. आणि आठलाही, अर्थात. ती म्हणाली की तिला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं, तर तिने स्वतःलाच एखाद्या बशीत ठेवून घेतलं असतं.

मॅडम गेल्या वर्षीच म्हणाल्या होत्या, अजून एका माणसाला शिकवून तयार करा. मी नको म्हटलं. हे हात लागतात. अडकलो आहे खरा, पण काम महत्त्वाचं असलं की माणूस अडकतोच.

बुधवार, १२ फेब्रुवारी
ब्रशवालीकडे तपासणी. (तिचं पद मोठं आहे, पण सगळे ब्रशवालीच म्हणतात.) ती दातांना लाल रंग लावते. जिथे घाण, तिथे रंग बसतो. शंभरात वीस जागांपर्यंत माफ. माझ्या त्रेसष्ट. मी म्हटलं, तुमचा रंग फार भडक आहे. ती म्हणाली की त्याच बाटलीतला रंग मघाशी एका आजींना लावला, त्यांच्या नऊ आल्या.

परत यायला जिना चढलो तर दोन नर्स माझ्याकडे बघून थांबल्या. तोंड धुवायचं राहिलं होतं.

आजपासून फटींमधून रोज ब्रश. आता खरंच.

सोमवार, १७ फेब्रुवारी
सात नंबर भांड्यात मावेना. दोन भांड्यांत वाटला. त्यातून दोन कुप्या वेगळ्या काढून गोठवूनही ठेवल्या. काही बिघडलंच तर त्या वितळवून नव्याने सुरुवात करता येते. नियमच आहे तसा. आठच्याही गोठवायच्या आहेत. उद्या करतो. आज सातचे फोटो काढण्यात वेळ गेला.

इनक्युबेटरमध्ये जागा बदलली. सात मधल्या कप्प्यात, मागे, जिथे ऊब सगळ्यांत एकसारखी. आठ दाराशी. दाराशीही वाईट नसतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी
बाई भेटल्या, त्या मुख्याध्यापिका. बाहेर बाकावर बसल्या होत्या. स्वच्छ सुती साडी, पिशवीत ब्रशचा डबा. मला पाहून म्हणाल्या की तुम्हीच ना आतमध्ये सांभाळता? मग सांगितलं की त्या एकट्या राहतात, नवऱ्याची जीभ पक्षाघाताने गेली तेव्हा दोन वर्षं त्यांनीच त्याला वाटून-मिसळून भरवलं. तेव्हापासून एकच धास्ती. आपल्यावर तशी वेळ आली तर भरवायला घरात कोणी नाही. म्हणून हा एक दात राहायला हवा, त्याच्या आधाराने बाकीचे उभे आहेत.

मला गहिवरून आलं. मी म्हटलं, बाई, काळजी सोडा, मी डोळ्यांत तेल घालून बघतोय. त्यांनी माझा हात हातात घेतला. हाताला सिगरेटचा वास येत असावा.

आठच्या कुप्या उद्या नक्की गोठवायच्या.

सोमवार, २४ फेब्रुवारी
आठने अखेर डोकं वर काढलं. पेशी विरळ, थकलेल्या, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. कुप्या काढाव्यात इतक्या नाहीतच. पुढच्या आठवड्यात.

सिगरेट: दोन. जनरेटरच्या मागे एक आडोसा आहे. दिवसभर त्या खोलीत कोंडून घेतलेल्या माणसाला तेवढी हवा हवीच. ती हवा धुरातून येते, एवढाच दोष.

शनिवार, १ मार्च
दोन्ही नंबर आज खास भांड्यांत घातले. ही भांडी म्हणजे मोठी गंमत. तळाला असा लेप असतो की ऊब असेपर्यंत पेशी घट्ट धरून बसतात. भांडं थंड झालं की आपोआप सोडून देतात. चाकू नको, औषध नको. अख्खा पापुद्रा अलगद सुटून वर येतो. म्हणून ऑपरेशनच्या वेळी, अगदी शेवटी, मुद्दाम थंड करायचं. त्याआधी एक क्षणही नाही. याचं माहितीपत्रक मीच लिहिलंय. पान चारवर ठळक अक्षरांत आहे: भांडे उघड्या ओट्यावर ठेवू नये.

ऑपरेशनं ठरली. सात नंबरचं गुरुवार १३, आठचं शुक्रवार १४. मॅडमनी तारखा नंबरांनीच सांगितल्या आणि मला म्हणाल्या, दोन्ही दिवस उपाशी या. मी मनात हसलो. मला शुक्रवारी उपाशी राहायची गरज नाही.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी सगळ्या विभागासमोर सफरचंद खायचं. कापून नाही. डावीकडून.

बुधवार, ५ मार्च
ब्रशवाली. अट्ठावन्न. सुधारणा! तिने खुर्ची सरळ करताना सांगितलं की सिगरेट ओढणाऱ्यांच्या पेशी नीट धरत नाहीत, वाढतही नाहीत. मी म्हटलं, माझ्या तर भांड्यात मावत नाहीत. ती म्हणाली, तुमच्या कुठल्या ते तुम्हाला कसं माहीत? मी विषय बदलला.

आठच्या कुप्या राहिल्याच. आता खास भांड्यात गेल्यावर काढता येत नाहीत. असो. आठ-नऊ दिवसांचाच प्रश्न आहे.

रविवार, ९ मार्च
लिहवत नाही. पण लिहितो.

सकाळी दोन्ही भांडी तपासायला बाहेर काढली. मायक्रोस्कोपखाली गरम पाटी आहे, तिच्यावर एकच भांडं मावतं. सात तिथे ठेवलं. आठ ओट्यावर. स्टीलचा ओटा. फक्त दोन मिनिटं. सातचा पापुद्रा पाहिला आणि बघतच राहिलो. एकसंध. कुठे भोक नाही. फोटो काढले, बावीस.

काचेपलीकडे खुंटीवर माझा फोन उजळत होता. बायको. थांबला, परत उजळला. चौथ्या वेळी सातला उबेत ठेवलं, अर्थातच, आणि बाहेर आलो. बायको म्हणाली की बहिणीकडची तिकिटं आज काढायची आहेत, दोन काढू की एक, शेवटचं विचारतेय. मी म्हटलं, मी इथे आयुष्याच्या ऐन मोक्यावर उभा आहे. ती म्हणाली, तुम्ही तिथे जनरेटरच्या मागे उभे असता, ते सगळ्यांना माहीत आहे. मला संताप आला. शांत व्हायला म्हणून जनरेटरच्या मागे गेलो.

मग टोपी, मास्क, गाऊन, बूट, बारा मिनिटं. आत आलो.

आठ ओट्यावरच होतं. पन्नास मिनिटं झाली होती. पापुद्रा सुटला होता. दुधावरची साय चमच्याला गोळा होते तसा कडेने गुंडाळत गुंडाळत मध्ये एक पांढरट गोळी झाला होता आणि गुलाबी पाण्यात तरंगत होता.

भांडं पटकन उबेत ठेवलं. परत पसरेल, परत चिकटेल. (चिकटत नाही. पान चार, तळटीप.)

कुप्या नाहीत. दुसरी अक्कलदाढ नाही. बाईंना आता वाटून-मिसळून खावं लागेल.

सोमवार, १० मार्च
गोळी तशीच आहे. रात्रीतून आणखी घट्ट झाली.

मॅडमना आज सांगणारच होतो. त्या मीटिंगमध्ये होत्या. मीटिंग संपली तेव्हा मी आत होतो. मी मुद्दाम आत गेलो नव्हतो, सातला जेवण द्यायची वेळ झाली होती.

काल दिलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

बायकोने एकच तिकीट काढलं.

मंगळवार, ११ मार्च
एक विचार आला. तो इथे लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा येणार नाही. भांड्यांवरच्या चिठ्ठ्या फक्त चिकटवलेल्या असतात. सात आणि आठ. पाण्याने निघतात. बदलल्या तर गुंडाळलेला पापुद्रा सात नंबरचा होईल. म्हणजे माझा. बाईंना चांगला मिळेल. पण बाईंना माझ्या पेशी चालणार नाहीत, त्यांचं शरीर त्या भिरकावून देईल, म्हणजे दोघांचंही वाटोळं. शिवाय माझी दाढ.

थोर विचार होता, व्यवहारात बसला नाही, एवढंच. 

बाई आज तपासणीला आल्या होत्या. बाकावरून हात हलवला. म्हणाल्या की काल घरी त्यांनी तीन महिन्यांनंतरसाठी यादी केली, काय काय चावून खायचं त्याची. पहिलं सफरचंद. मान हलवून पुढे गेलो. दोन दारांच्या मधल्या जागेत उभा राहिलो. मागचं बंद, पुढचं उघडायला हात होईना. कितीतरी वेळ तिथेच. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सिगरेट: एकही नाही. आठवलीच नाही.

बुधवार, १२ मार्च
सांगितलं.

सकाळी साडेनऊला मॅडमच्या खोलीत. सगळं सांगितलं. ओटा, फोटो, फोन, जनरेटर. सात मधल्या कप्प्यात आणि आठ दाराशी, हेही. सातच्या दोन कुप्या आणि आठची एकही नाही, हेही. शेवटी म्हटलं की बाईंचं नुकसान माझ्यामुळे झालंय, त्यांना मीच सांगतो, आणि माझं उद्याचं ऑपरेशन रद्द करा, मला ते घ्यायचा हक्क नाही.

मॅडमनी विचारलं, सातचं एवढं कौतुक कशासाठी केलंत? त्यांनी कपाट उघडलं. पाकीट काढलं, फाडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

सुवाच्य अक्षर आहे मॅडमचं. सातपुढे बाईंचं नाव. आठपुढे माझं.

चार-पाच सेकंद मला इतकं हलकं वाटलं की नाचावंसं वाटलं. बाई वाचल्या! त्यांचं काहीच गेलं नाही, त्यांना मधला कप्पा मिळाला, त्यांच्या कुप्या आहेत, बावीस फोटो आहेत. मी हसलोसुद्धा. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

मग जीभ आपोआप डावीकडे गेली. दाढेला लागली. दाढ हलली.

मॅडम म्हणाल्या की आठच्या पेशी पहिल्यापासूनच विरळ होत्या, पण तरी पापुद्रा झाला होता, बसवता आला असता. दुसरी अक्कलदाढ आहे का? मी म्हटलं, एकच होती.

गुरुवार, १३ मार्च
उपाशीपोटी पोचलो. सवयीने. ऑपरेशन बाईंचं. भांडं मी थंड केलं. वेळ बघून, मॅडमनी सांगितल्यावर. पापुद्रा कडेने सुटला, अलगद वर आला. प्लास्टिकच्या पातळ चकतीवर उचलून दिला. सहा आठवडे भरवलेल्या त्या पेशींना सकाळीच शेवटचं जेवण घातलं होतं. मी दार बंद केलं.

इनक्युबेटर रिकामा. एक दिवसाआड कोणालाच काही लागत नाही. घरी आलो. बायको बहिणीकडे गेलीय, रविवारी येईल. मोकळा आहे. कुठे जावं ते सुचलं नाही, कॉलेजला परत गेलो.

बुधवार, २ एप्रिल
दाढ काढली. काढली म्हणजे, धरली आणि आली. ब्रशवाली शेजारी उभी होती. रंग लावायचं तिने टाळलं. दाढ कागदात गुंडाळून दिली. बायकोने विचारलं, काय करायचं तिचं? मी म्हटलं, माहीत नाही. तिने ती शिवणाच्या डब्यात ठेवली, बटणांबरोबर.

मॅडमनी माझ्या मदतीला एक बाई दिल्यात. शिकवून तयार करायच्यात. मी नको म्हटलं नाही.

सोमवार, १६ जून
बाईंची तीन महिन्यांची तपासणी. एक्स-रेत नवं हाड दिसतं. दात चिमट्याने धरून हलवला, हलत नाही. मॅडमनी सगळ्या विभागाला बोलावलं. बाईंनी पिशवीतून सफरचंद काढलं. न कापलेलं. डावीकडून चावलं. आवाज झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. आत त्याच आहेत, लांबट, टोकदार, एका दिशेने जाणाऱ्या. न राहवून म्हटलं, बाई, जरा जपून. बाई हसल्या. म्हणाल्या की तुम्ही तर लेक सासरी पाठवल्यासारखे बघताय. मग एक फोड कापून मला दिली. मी उजवीकडून खाल्ली.

आज दोन नवे नमुने आले. नऊ आणि दहा. पाकीट कपाटात. नऊमध्ये लगेच हालचाल आहे. दहामध्ये शुकशुकाट.

दहाला मधल्या कप्प्यात ठेवलं.